डेरिक परेरा : एका प्रशिक्षकाचा ताळेबंद

(बी. कॉम., भाग दोन, अणशी)

जमाखर्चाच्या पहिल्याच धड्यात एक गृहीतक शिकवतात. व्यवसाय उद्या बंद पडणार आहे असे समजून हिशेब लिहायचे नाहीत. तो पुढे चालूच राहणार असे धरून लिहायचे. यंत्रावरचा घसारा दहा वर्षांत विभागतो तो याच भरवशावर. हे गृहीतक काढून घेतले तर सारा ताळेबंद कोसळतो. आमच्या वर्गात हा विषय इंग्रजीतून शिकवतात आणि मी शाळा मराठीतून शिकलेला, त्यामुळे प्रत्येक संज्ञा मी मनात एकदा मराठीत करून पाहतो. त्या सवयीतूनच एक प्रश्न सुचला. ज्या माणसाचे काम संस्था उभ्या करण्याचे आहे, पण ज्याच्या संस्था एकामागून एक बंद पडत गेल्या, त्याचा ताळेबंद कसा मांडायचा? असा माणूस फार लांब शोधावा लागला नाही. घाट उतरून कद्रामार्गे कारवार आणि तेथून माजाळीचा नाका ओलांडला की गोवा. त्या गोव्यातील फुटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक झालेले डेरिक परेरा हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या महाविद्यालयात क्रिकेटचे वेड आहे, कबड्डीला मान आहे आणि व्हॉलीबॉलचे जाळे तर जोयडा तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक शाळेच्या आवारात दिसते. फुटबॉल त्या मानाने किनाऱ्यालगतचा खेळ. तरीही वाचकांनी हा लेख खेळाचा म्हणून बाजूला ठेवू नये. यात गोलांपेक्षा नोकरीचा भाग अधिक आहे.

परेरा यांचे खेळाडू म्हणून नाव झाले ते साळगावकर क्लबात. हा क्लब १९५६ साली, म्हणजे गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असतानाच, वासुदेव साळगावकर यांनी स्थापन केला. खाणी आणि जहाजे हा त्या घराण्याचा व्यवसाय. परेरा बचावफळीत खेळत. बचावपटूच्या वाट्याला टाळ्या कमी येतात. त्याने दिवसभर चोख काम केले तर वर्तमानपत्रात त्याचे नावही येत नाही, आणि एक चूक झाली तर मथळ्यात येते. १९८०च्या दशकातील साळगावकर संघ हा गोव्याच्या फुटबॉलमधील सर्वोत्तम संघांपैकी एक मानला जातो. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक त्या क्लबाकडून खेळला. १९८३-८४ साली गोव्याने संतोष करंडक जिंकला तेव्हा या शंखवाळकरांनी संपूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नव्हता. पुढे १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे साळगावकरने फेडरेशन चषक जिंकला. तोपर्यंत हा चषक गोव्याच्या कोणत्याही क्लबाच्या हाती लागला नव्हता. परेरा भारताच्या संघातूनही खेळले.

त्या काळातील खेळाडूचे अर्थशास्त्र सोपे होते. खाण कंपनीचा क्लब, कंपनीची नोकरी, कंपनीचा पगार. तिकीटविक्रीतून फारसे काही येत नसे, दूरचित्रवाणीचे हक्क हा शब्दच जन्माला आलेला नव्हता. क्लबाचा खर्च म्हणजे मालकाच्या नफ्यातून काढलेली रक्कम. वाणिज्यच्या भाषेत क्लब हे उत्पन्न देणारे खाते नव्हतेच. ते खर्चाचे खाते होते, आणि मालकाला त्याचा मोबदला मिळे तो ख्यातीच्या रूपाने. ख्याती ही अमूर्त मालमत्ता, असे पुस्तकात आहे. ती हातात धरता येत नाही, पण पणजीच्या बाजारात साळगावकर किंवा धेंपे हे नाव घेतल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ती ख्याती.

खेळाडूची कारकीर्द पस्तिशीच्या आत संपते. त्यानंतर बहुतेकांना कंपनीतील टेबलाकडे वळावे लागते. थोडे प्रशिक्षक होतात. परेरा त्या थोड्यांपैकी. गोव्यातच या कामाचे प्राथमिक धडे गिरवल्यावर ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे गेले, आणि येथून त्यांच्या चरित्राला खरा रंग चढतो.

महिंद्रा हा जीपगाड्या बनवणाऱ्या कंपनीचा क्लब. १९६२ साली कामगारांच्या क्रीडासंघाच्या रूपाने सुरू झालेला, आणि २००० सालानंतर महिंद्रा युनायटेड या नावाने व्यावसायिक स्वरूपात उतरलेला. अणशीच्या घाटात चढावर धापा टाकणारी जीप आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या संघाला ‘जीपमेन’ म्हणत हे कळल्यावर मला आपोआप त्यांच्याविषयी आपुलकी वाटू लागली. असो. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ पासून २००६-०७ पर्यंत अकरा मोसम चालली. तिचे विजेते पाहा. पहिल्या वर्षी पंजाबचा जे.सी.टी., मग मोहन बागान, साळगावकर, पुन्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहन बागान, लागोपाठ दोनदा ईस्ट बंगाल, डेम्पो, शेवटी परत डेम्पो. कोलकाता आणि गोवा या दोन गावांनी ही लीग आपसांत वाटून घेतली होती म्हटले तरी चालेल. त्यात मध्येच २००५-०६ या वर्षी महिंद्राचे नाव येते. मुंबईच्या क्लबाने ही लीग जिंकली ती एवढी एकदाच. त्याच मोसमात फेडरेशन चषकही त्यांनीच नेला. प्रशिक्षक डेरिक परेरा. पुढे २००७ साली आशियाई पातळीवरील ए.एफ.सी. चषकात हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला.

मुंबईत प्रेक्षक थोडे आणि क्रिकेटचा पगडा जबरदस्त. कूपरेजच्या मैदानावर कोलकात्यासारखी लाखाची गर्दी होत नाही. अशा ठिकाणी संघ जिंकवणे म्हणजे ज्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही तेथे नफा दाखवणे. म्हणून मला या एका लीगचे मोल डेम्पोच्या एखाद्या विजेतेपदापेक्षा जास्त वाटते. गोव्याचे मित्र रागावतील, पण माझे मत हे असे आहे.

आता पुढचे ऐका. २०१० साली महिंद्रा कंपनीने आपला फुटबॉल संघ बंद केला. कंपनी बुडाली नव्हती. तिच्या गाड्या जोरात खपत होत्या. यापुढे शालेय फुटबॉलवर भर देऊ, असे कारण दिले गेले. चार वर्षांपूर्वीचा देशविजेता संघ एका निर्णयाने संपला. अर्थात तोपर्यंत परेरा पुण्याला गेले होते.

पुणे एफ.सी. हा २००७ साली अशोक पिरामल उद्योगसमूहाने काढलेला क्लब. २००९-१० साली तो प्रथमच वरच्या श्रेणीच्या आय-लीगमध्ये आला, त्याच वेळी परेराही आले, आणि नवखा संघ तिसऱ्या क्रमांकावर राहिला. बालेवाडीचे मैदान त्यांचे घर. या क्लबाने महाराष्ट्रात एक वेगळी गोष्ट केली : मुलांच्या तुकड्या बांधल्या, अकादमी चालवली. मिझोरामहून आलेला जेजे लालपेखलुआ हा तरुण या क्लबातूनच वर आला आणि पुढे भारताचा प्रमुख आघाडीपटू झाला. जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे भारत सत्तावीस वर्षांनी आशियाई चषकात खेळला तेव्हा गोलात उभा असलेला सुब्रत पाल हाही तेव्हा पुण्याचाच. २०१२-१३ मध्ये पुणे एफ.सी. दुसऱ्या क्रमांकावर आला. लीग चर्चिल ब्रदर्सने जिंकली. ही परेरा यांच्या पुण्यातील शेवटची लीग. दोन वर्षांनी, २०१५ साली, पुणे एफ.सी. बंद झाला.

येथे सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या आशियाई चषकाकडे थोडे वळले पाहिजे, कारण प्रशिक्षक हा व्यवसाय किती फिरता असतो ते त्यातून कळते. १९८४ साली सिंगापूरला झालेल्या त्या स्पर्धेसाठी भारताला पात्र ठरवणारे प्रशिक्षक होते मिलोवान चिरिच, युगोस्लाव्हियाचे, जातीने सर्ब. आपल्या देशात ते खेळाडू होते, नंतर बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबाचे प्रशिक्षक झाले, आणि साठी उलटल्यावर भारतात आले. त्याच वर्षी कोलकात्याच्या नेहरू चषकात त्यांच्या भारतीय संघाने अर्जेंटिनाला एकाच गोलावर रोखून धरले होते. सामना हरला, पण लोक तो अजून सांगतात. सिंगापुरात भारताला एकही गोल करता आला नाही. इराणशी मात्र बरोबरी झाली. सर्बियाचा दुसरा एक प्रशिक्षक, झोरान जॉर्जेविच, गोव्यातच येऊन गेला. २००८-०९ साली चर्चिल ब्रदर्सने पहिली आय-लीग जिंकली ती त्याच्या हाताखाली. पुढे तो ढाक्याला गेला आणि २०१० च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत बांगलादेशाला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यानंतर नुकत्याच जन्मलेल्या दक्षिण सुदान या देशाच्या संघाकडे. आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे बोरा मिलुतिनोविच. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबाचा हा खेळाडू पुढे पाच विश्वचषकांत पाच निरनिराळ्या देशांचा प्रशिक्षक झाला : १९८६ मेक्सिको, १९९० कोस्टा रिका, १९९४ अमेरिका, १९९८ नायजेरिया, २००२ चीन. पहिले चारही संघ साखळी फेरी ओलांडून गेले. या काळात त्याचा स्वतःचा देश, युगोस्लाव्हिया, मात्र नकाशावरून पुसला गेला.

मिलुतिनोविचने देश बदलले. परेरा यांनी क्लब बदलले. पण मिलुतिनोविच मेक्सिको सोडून गेला तरी मेक्सिकोचा संघ जागच्या जागी राहिला. परेरा यांच्या बाबतीत तसे घडले नाही.

२०१३ मध्ये ते स्वगृही, साळगावकरकडे, प्रशिक्षक म्हणून परतले. २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये साळगावकर तिसरा आला. त्या वर्षी पहिले आले ते आपल्या कर्नाटकचे बेंगळूरु एफ.सी., जिंदालांच्या पोलाद उद्योगाने वर्षभरापूर्वीच उभे केलेले. कन्नड विभागातील मित्रांना हे लक्षात असेलच. २०१४ साली ड्युरँड चषकाची अंतिम लढत झाली साळगावकर आणि पुणे एफ.सी. यांच्यात. म्हणजे एका बाकावर परेरा, आणि समोर त्यांनीच चार वर्षे घडवलेला संघ. साळगावकर जिंकला. पुढच्या वर्षी पुणे एफ.सी. बंद झाला हे वर आलेच आहे. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, साळगावकर, डेम्पो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले.

या तिघांच्या माघारीची कारणे नीट समजून घेतली पाहिजेत, कारण येथे आपल्या अभ्यासाचा विषय सरळ मैदानात उतरतो. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यात प्रवेश कामगिरीवर नव्हता. शुल्क भरून हक्क विकत घ्यायचा होता, आणि हे शुल्क वर्षाला सुमारे पंधरा कोटींच्या घरात सांगितले जात असे. पुढे अखिल भारतीय महासंघाने असा आराखडा मांडला की ही नवी लीग पहिल्या दर्जाची होईल आणि जुनी आय-लीग दुसऱ्या दर्जाची. म्हणजे साठ वर्षे जुन्या क्लबाने मैदानावर काहीही केले तरी त्याला वर चढता येणार नव्हते. जिना काढून टाकला आणि उद्वाहकाचे तिकीट ठेवले. गोव्याच्या तिन्ही क्लबांनी याचाच निषेध म्हणून माघार घेतली. याच्या पाठीमागे दुसरीही एक गोष्ट उभी होती. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. प्रथम राज्य सरकारचा आदेश आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा. २०१४ मध्ये बंदी उठली तरी वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा राहिली. डेम्पो घराण्याने तर आपला खाणव्यवसाय २००९ सालीच सेसा गोवा कंपनीला विकून टाकला होता. क्लबांनी खाणींचे नाव कारण म्हणून घेतले नाही, आणि तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण जो खर्च नफ्यातून चालतो त्या खर्चाकडे नफा आटल्यावर मालक वेगळ्या नजरेने पाहतो, हे समजायला बी. कॉम. व्हावे लागत नाही.

परेरा त्याआधीच पुन्हा पुण्यात गेले होते, डी.एस.के. शिवाजियन्सकडे. बांधकाम व्यवसायातील समूहाचा हा क्लब २०१५-१६ साली आय-लीगमध्ये आला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. परेरा यांचे तेथील काम पहिल्या मोसमापुरते.

आता बेरीज करू. महिंद्रा, पुणे, साळगावकर, शिवाजियन्स. चारही ठिकाणी परेरा यांनी काम सोडल्यावर एक-दोन वर्षांत संघ बंद पडला अथवा राष्ट्रीय स्पर्धेतून गेला. एखादा म्हणेल, पायगुण! दुसरा म्हणेल, गडी हुशार, छप्पर पडण्यापूर्वी बाहेर येतो. दोन्ही म्हणणी चुकीची. संख्याशास्त्राच्या तासाला सांगतात की सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. त्या वर्षांत भारतात कोणत्याही चांगल्या प्रशिक्षकाची कारकीर्द घेतली तरी बंद दारे दिसतीलच, कारण दारेच बंद होत होती. पंजाबचा जे.सी.टी., राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता, २०११ मध्ये गेला. कारण चारही ठिकाणी एकच होते : क्लबाचे स्वतःचे उत्पन्न नव्हते. मालकाचा हात निघाला की खालून काही टेकू नव्हता. प्रशिक्षकाने लीग जिंकली काय आणि तिसरा आला काय, त्याने हा हिशेब बदलत नव्हता. हे मला सर्वांत बोचणारे वाटते. आपण असे धरून चालतो की काम चांगले केले तर संस्था टिकेल आणि संस्था टिकली तर आपण टिकू. येथे काम चांगलेच झाले होते.

आपल्या तालुक्याला हे अगदी परके नाही. काळी नदीवर धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. लोक रामनगरला आले. गावातील चांगल्या सुताराची घडणावळ वाईट होती म्हणून काही गाव बुडाले नाही. तो सुतार रामनगरला आला तेव्हा दुकान आणू शकला नाही. हात तेवढे घेऊन आला.

परेरा २०१७ साली काही काळ चर्चिल ब्रदर्सकडे होते आणि त्यानंतर एफ.सी. गोवा या सुपर लीगच्या संघात आले. ज्या लीगमुळे त्यांचा जुना क्लब बाहेर पडला त्याच लीगमध्ये त्यांना काम मिळाले. यावर कोणी नाक मुरडले तर मुरडो. घर चालवणाऱ्याला एवढी चैन परवडत नाही. नव्या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि भारतीय माणूस त्याचा सहायक, असा रिवाजच पडला होता. लीग चॅम्पियन झालेल्या माणसालाही दुसऱ्या खुर्चीवर बसावे लागले. मधल्या काळात, मार्च २०१९ मध्ये, ताश्कंद येथील आशियाई पात्रता स्पर्धेत ते भारताच्या तेवीस वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक होते. उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान, दोघांकडून संघ हरला. ही नोंद नावे बाजूला लिहिली पाहिजे. चरित्र म्हणजे केवळ जमेची बाजू नव्हे.

डिसेंबर २०२१ मध्ये एफ.सी. गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक फेरांडो मोसमाच्या मध्यावर कोलकात्याला निघून गेले, तेव्हा उरलेल्या सामन्यांसाठी परेरा यांना मुख्य प्रशिक्षक केले. संघ अकरांत नववा आला. याच मोसमात ईशान्येकडील नॉर्थईस्ट युनायटेडचे मुख्य प्रशिक्षक होते खालिद जमील, सुपर लीगमध्ये कायम नेमणूक मिळालेले पहिले भारतीय. त्यांचा संघ गोव्याच्या एक पायरी खाली, दहावा.

हे जमील कोण? महिंद्रा युनायटेडने २००५-०६ साली लीग जिंकली तेव्हा ते त्या क्लबाचे खेळाडू होते, मधल्या फळीतले. दुखापतींनी त्यांचे पाय लवकर थकले आणि ते प्रशिक्षणाकडे वळले. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल या छोट्याशा क्लबाला त्यांनी आय-लीग जिंकून दिली. त्याच महिंद्रात वाढलेले मुंबईचे स्टीव्हन डायस हेही भारताकडून खेळले आणि पुढे प्रशिक्षणात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०११-१२ मध्ये त्या जागेवर असलेले गोव्याचे साव्हियो मदेरा यांच्यानंतर ही जागा भारतीय माणसाकडे पहिल्यांदाच आली. आणि मदेराही साळगावकरचेच जुने खेळाडू.

ताळेबंदात माणसांचे कौशल्य मालमत्ता म्हणून दाखवत नाहीत. यंत्र दाखवतात, खुर्च्या दाखवतात, ख्यातीही विकत घेतली असेल तर दाखवतात. कामगाराच्या हातातील कसब मात्र पगाराच्या खात्यात त्याच वर्षी खर्च पडते. त्यामुळे महिंद्राने २०१० मध्ये फुटबॉलचे खाते बंद केले तेव्हा वहीत बहुधा थोडे चेंडू, जाळ्या आणि जर्सी एवढीच मालमत्ता शिल्लक निघाली असेल. जमील, डायस कोणत्याच रकान्यात नव्हते. जेजे पुणे एफ.सी.च्या वहीत नव्हता. क्लब मिटला आणि ही माणसे दुसऱ्या क्लबांत, दुसऱ्या शहरांत गेली; ज्याने त्यांना घडवण्याचा खर्च केला त्याला त्यातले काही परत मिळाले नाही, आणि ज्याने प्रत्यक्ष घडवले त्याच्या नावावर तर आधीपासूनच काही नव्हते.

डेम्पो २०२३-२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून खेळला, वर चढला आणि २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये पुन्हा उतरला. महिंद्रा युनायटेड आणि पुणे एफ.सी. अद्याप परतलेले नाहीत.